मोहाखालची जांभळी साडी

सांगतो, पण कोणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच बजावून ठेवतो. माझ्या बाकीच्या गोष्टींत थोडी मीठ-मिरची असते. ही मात्र जशीच्या तशी आहे. हवं तर बादललाच विचारा. तो काय समोरच बसलाय, मान खाली घालून काडीनं मातीत रेघोट्या ओढत.

गेल्या वर्षीचा आपला मोहफूल महोत्सव. त्या उन्हाळ्यात मोह असा गळला, असा गळला, की किसनसिंगच्या दोन बकऱ्या फुलांत पोहून पलीकडं गेल्या. पण मोह वेचायचा म्हणजे आधी झाडाखालचा पाला पेटवायचा, ही आपली जुनी खोड. पाल्यामागून जंगलही पेटायचं. म्हणून महोत्सवात ठरलं, आग लावायची नाही. झाडाखाली जुन्या साड्या ताणून बांधायच्या, फुलं अलगद त्यांत पडतील.

घरोघरी फिरून साड्या गोळा करायचं काम बादलकडं आलं. पोरगा दारव्ह्याकडचा, लोहारा गावच्या रोपवाटिकेत कामाला. वाळकं पान हुंगून झाड सांगेल. पण साडी जुनी की ठेवणीतली, हे त्याला कुठलं कळायला? किसनसिंगच्या अंगणात दोरीवर एक जांभळी साडी वाळत होती, घरात कोणी नव्हतं. त्यानं ती उचलली आणि मोठ्या मोहाखाली चार खुंट्यांना बांधून टाकली.

उजाडता उजाडता सलोनी, किसनसिंगची पोरगी, टोपलं घेऊन तिथं आली. बादल साडीतली फुलं ओंजळीनं भरत होता. वरून एकेक फूल टप... टप... पडत होतं, सगळीकडं गोड, जड वास. ती थबकली. डोळे बारीक केले.

"कोणाची होये ही साडी?"

"जुनी आहे... कोणीतरी दिली."

"कोणी दिली?"

बादलनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "दोरीनं," तो म्हणाला.

सलोनीला रागवायचं होतं हो, खूप रागवायचं होतं. संध्याकाळच्या नाचासाठी धुऊन टाकलेली साडी ती. पण हसूच फुटलं, आणि ते लपवायला तिनं तोंडाशी टोपलं धरलं. मग शिक्षा ठरली: नाल्यावर जाऊन साडी त्यानंच धुवायची. बादलनं ती तीनदा धुतली, रिठा लावून धुतली. डाग गेले, मोहाचा वास काही जाईना. तशीच ती नेसून सलोनी नाचली, आणि तिनं गिरकी घेतली की चार गावांच्या मधमाश्या ताल धरायच्या. बादलची नजर तर त्या पदराबरोबरच फिरत होती.

दुसऱ्या दिवशी ती, महोत्सवात त्यानं मांडलेल्या बियांच्या दुकानासमोर येऊन उभी राहिली. हे काय, ते काय, विचारत राहिली. बेहडा, चारोळी, बिबा... तो मन लावून सांगत होता. मागून तिच्या मैत्रिणी खिदळल्या तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला, की ज्या पोरीनं लहानपणापासून हीच चारोळी वेचली, ती त्याला चारोळीचं नाव विचारतेय.

"माहीत आहे त काहून विचारून राह्यली?"

"तुमी सांगता तवा कान लाल होतात तुमचे," ती म्हणाली. "ते पाहाले."

मग मात्र त्यानं धीर केला. उद्या दुपारच्या जीपनं आपण जाणार, तिच्या मनात काही असेल तर तिनं सांगावं, नसेल तर पुन्हा त्रास देणार नाही, असं तो अडखळत बोलला.  सलोनीनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली, आणि ती निघून गेली.

त्याच सांजेला मी पाहुण्यांना जंगल दाखवायला काढलं. हे दोघं सगळ्यांच्या मागं, मी वाट बघायला थोडा पुढं गेलेलो. आणि वळणावर, झुडपातून... अस्वल. सलोनीनं नेसलेल्या त्याच साडीच्या वासावर आलेलं. पाहुणे चपला टाकून पळाले, किसनसिंग सगळ्यांत पुढं. सलोनीनं बादलचा हात गच्च धरला. लोक परत येईपर्यंत सोडला नाही.

जीप गेली, वर्ष गेलं. पोरगी अस्वलाला भ्याली, म्हणून हात धरला, असं किसनसिंगनं सगळ्यांना सांगितलं; बादलही तेच धरून चालला. भीतीनं धरलेल्या हातावर कोणी हक्क कसा सांगावा? म्हणून तर यंदा आला, पण कालपासून तिच्याशी एक अक्षरही बोलला नाही. बरोबर ना रे बादल? बघा, कान लाल झाले.

पण ते अस्वल! ताडाएवढं. मागच्या दोन पायांवर उभं राहिलं, पुढचे दोन जोडले, आणि मला अगदी माणसासारखं...

"आबाजी, अस्वल नोतंच तिथी."

कोण ते? सलोनी?

ती उभी राहिली होती. बाप शेजारीच बसलेला; पण ती बादलकडं पाहत होती.

"झुडपात तुमीच होते. तुमची पांढरी टोपी दिसली मले. आधी टोपी दिसली, आबाजी... मंग मी हात धरला."