दोन मशिनींमधला सूर

तामलवाडीला निघालो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. एसटीच्या टपावर आवाज वाढवायच्या दोन मशिनी, दोन भोंगे. मांडीवर गोणपाटात गुंडाळलेला माईक. कडूवहिनीच्या भावाच्या, धोंडीबाच्या मुलीचं लग्न होतं. वहिनी आधीच माहेरी गेली होती. जाताना म्हणाली, "भावजी, दोन्ही मशिनी आणा. त्यांचं वाजवणं गेलं, तुमचं तरी चालू राहू द्या."

मला वर बघवलं नाही.

माझा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा बब्रुवान, सुंदरी वाजवायचा. सनईहून लहान वाद्य, आवाज गोड पण बारीक. मी लहानपणापासून त्याच्या मागं बसून दुसऱ्या सुंदरीवर एकच सूर धरायचो. मग मला मशिनींचं वेड लागलं आणि सूर धरणं सोडलं. एका माईकची तार दोन मशिनींत सोडली की सुंदरी भरून येते, चार माणसं वाजवतायत असं वाटतं. फक्त दोन्ही मशिनींच्या विजेच्या पिना एकाच बाजूनं बसल्या पाहिजेत. एक उलटी बसली तर मशिनीच्या पत्र्यात करंट उतरतो. म्हणून पिनांना मी लाल ठिपके दिले होते.

दोन महिन्यांपूर्वी तुळजापुरात एका लग्नात सुरुवातीला एकच मशीन लावली होती. वऱ्हाडातला एक म्हातारा ओरडला, "अरं, सुंदरी हाय का कानात डास शिरलाय?" सगळा मांडव हसला. माझं डोकं फिरलं. झटक्यात दुसरी मशीन जोडली.

"ठिपका बघितलास का रं?" दादानं विचारलं.

"बघितला की! वाजव तू."

बघितला नव्हता. दादानं एका हातानं माईक जवळ ओढला, दुसरा हात मशिनीवर टेकला, आणि तसाच कोसळला. लोक धावले. मी... मी आधी पीन काढली, सरळ करून परत बसवली. कुणाला दिसू नये म्हणून. मग भावाकडं वळलो, तोवर तो गेला होता. डॉक्टरला सांगितलं, छातीत कळ आली. वहिनीलाही तेच.

तामलवाडीत गिरणीवरून विजेची तार ओढून दिली होती. ऊन चढलं होतं, मांडवात शेणसड्याचा नि झेंडूचा वास. धोंडीबा म्हणाला, "पाव्हणं, दोन्ही लावा. सोलापूरपतूर ऐकू जाऊ द्या!"

ठिपके तीनदा बघितले, मग पिना बसवल्या. मशिनी तापल्या, आतले दिवे लालसर झाले. भोंग्यांतून आधी नुसती घरघर आली. मग घरघरीच्या तळातून एक सूर वर आला. बारीक, सरळ, न हलणारा. मी धरायचो तो.

माईक अजून गोणपाटातच होता.

"कोण वाजवतंय?" धोंडीबानं विचारलं. "वाजंत्री तर अजून वेशीवर हायती."

मी दोन्ही पिना उपटल्या. दिवे विझले. सूर चालूच.

नवरा गेलेला, म्हणून वहिनी मांडवाबाहेर चुलीपाशी बसली होती. ती पिठाचे हात तसेच घेऊन आत आली. माझ्यासमोर उभी राहिली.

"भावजी... ह्यो सूर..."

"वहिनी, त्याला कळ आली नव्हती." मी बोलून गेलो. "म्या ठिपका बघितला न्हाय. बघितला म्हणून सांगितलं. मशिनीनं गेला तो. आन् मग म्या पीन फिरवली, गुपचूप..."

मी पुटपुटलो होतो. पण माझा आवाज दोन्ही भोंग्यांतून बाहेर पडला. भरदार, चार माणसं बोलतायत असा. पिना माझ्या मुठीत होत्या.

सूर थांबला. सगळा गाव माझ्याकडं बघत होता. वाटलं, आता वहिनी तोंडात मारेल. मारावं, असंच वाटत होतं.

तिनं मारलं नाही. हळू आवाजात विचारलं, "तुमी पीन फिरवत व्हता... तवा त्ये जित्ते व्हते का?"

मला माहीत नव्हतं. मी बघितलंच नव्हतं त्याच्याकडं.

तेवढ्यात दोन्ही भोंग्यांतून कुणीतरी श्वास आत ओढून घेतला. सावकाश, छाती भरून, दादा बोलायच्या आधी घ्यायचा तसा.

आम्ही वाट बघत राहिलो. तो श्वास अजून सुटलेला नाही.