दुसरा कोड

मी घरांना अलार्म बसवतो. बावीस वर्षं झाली. या धंद्यात माझा एक नियम आहे: गिऱ्हाईक कोड टाकत असलं की मी पॅनेलकडे पाठ करून उभा राहतो. मग त्याला कितीही वेळ लागो. उद्या घरात काही इकडचं तिकडे झालं तर माझ्याकडे बोट नको. बायको म्हणते, तुझं आयुष्य लोकांच्या भिंती बघण्यात गेलं. म्हणेना का!

काकूंचं काम त्यांच्या मुलीच्या फोनवरून आलं. ती दुसऱ्या शहरात राहायची. तिने अट आधीच सांगून टाकली, "अलार्म नीट चालला तर आई तिथे राहील. तीनदा जरी उगाच वाजला, तर मी तिला इकडे घेऊन येणार. माझ्या जिवाला रोजचा घोर नको."

काकूंना ही अट पाठ होती. दार उघडल्या उघडल्या म्हणाल्या, "अरे बाबा, सगळं आता तुझ्या हातात. तुझं यंत्र गप्प राहिलं तर मी माझ्या घरात राहीन."

"काकू, यंत्र गप्प बसायला नसतं, ओरडायला असतं."

"मग त्याला माझ्यावर ओरडू दे. तिच्या कानावर जाऊ देऊ नकोस."

घर छोटंसं आणि लख्ख होतं. दोन खोल्या, मधे बोळ, बोळाच्या टोकाला न्हाणीघर आणि मागचं दार. त्या दाराबाहेर कपडे वाळत घालायची दोरी. पुढच्या दाराशी चपलांचा कप्पा होता. त्यात पुरुषाच्या चपला, नुकत्याच पुसलेल्या. मी त्याच्याच वर, खांद्याच्या उंचीला पॅनेल बसवलं. दारांना आणि बोळाला सेन्सर लावले.

"कोड किती जणांचे?" मी विचारलं.

"दोघांचे."

मी पाठ फिरवली. पॅनेल प्रत्येक कोड दोनदा विचारतं. पहिला कोड भरभर टाकला गेला. "आता दुसरा," मी म्हणालो. जरा वेळ गेला. मग दोन बटणं वाजली. मग काहीच नाही. मी छतावरची पाल बघत उभा. बऱ्याच वेळाने तिसरं वाजलं आणि लगेच चौथं. दुसऱ्यांदाही तसंच, तिसऱ्यापाशी तेवढाच खोळंबा. मग कोड मंजूर झाल्याचा लांब आवाज आला.

वळून पाहिलं तर पॅनेलपाशी कोणी नाही. काकू चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून येत होत्या.

"झालं का रे?"

या वयातही पाय चपळ आहेत, असं मनात आलं. "काका बाहेर गेलेत वाटतं?" मी सहज विचारलं.

"इथेच असतात," त्या म्हणाल्या आणि साखर ढवळायला लागल्या.

तीन आठवड्यांनी मुलीचा फोन आला. अलार्मची प्रत्येक नोंद तिच्या मोबाइलवर जायची. "दोन नंबरचा कोड तुम्ही कोणाला दिलात?"

"काकांना."

ती म्हणाली, "बाबांना जाऊन आठ महिने झाले."

नोंदी मी स्वतः तपासल्या. जेवण झालं की काकू अलार्म लावून आडव्या व्हायच्या. चारला उठायच्या आणि अलार्म विसरून तडक मागचं दार उघडून दोरीवरचे कपडे काढायला जायच्या. म्हणजे रोज सायरन बोंबलायला हवा होता. पण दार उघडायच्या अर्धा मिनिट आधी दोन नंबरचा कोड अलार्म बंद करत होता. रोज. एकवीस दिवसांत एकही खाडा नाही.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही; वायरवर ठेवतो. कोड पुढच्या दाराच्या पॅनेलवरूनच पडत होता. त्या वेळी बोळातल्या सेन्सरला कोणाचीही हालचाल दिसलेली नव्हती. मी पॅनेलच बदललं आणि जुन्यातले दोन्ही कोड न बघताच, वायर जोडून त्यात उतरवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"काकू, खरं सांगा. दुसरा कोड तुम्हीच टाकता ना?"

"मला माझाच आठवत नाही, दुसऱ्याचा कुठून आठवणार?" त्या हसल्या. "यांचंही तसंच होतं बघ. फोन नंबर असो की लग्नाची तारीख, तिसऱ्या आकड्यापाशी गाडी अडलीच!"

हातातला स्क्रू ड्रायव्हर मी खाली ठेवला.

मुलगी हट्टालाच पेटली. "ते काही नाही. माझी आई तिथे एकटी असते. तो कोड काढून टाका." तिचं काय चुकलं? मीही तेच सांगितलं असतं. पण काकूंनी माझी बाही धरली. "राहू दे रे. तो काढलास तर मला नुसत्या भिंतींशी बोलावं लागेल."

मी मुलीला सांगितलं, "सोमवारी काढतो." काढायचा नव्हताच. बावीस वर्षांत गिऱ्हाइकाला मारलेली ही पहिली थाप.

शनिवारी भरदुपारी आमच्या कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये त्या घरातून मदतीचा इशारा आला; पॅनेलवर कोड टाकून लाल बटण दाबलं तरच तो येतो. शेजाऱ्यांनी दार तोडलं. काकू न्हाणीघरात पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं, नळ वाहत होता. त्यांना कुशीवरसुद्धा वळता येत नव्हतं. न्हाणीघरापासून पॅनेल चौदा पावलांवर. दोन्ही दारं आतून बंद.

डॉक्टर म्हणाले, आणखी दोन तास गेले असते तर कठीण होतं.

कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरने नोंद वाचून दाखवली. "कोड नंबर दोन. इशारा दुसऱ्या प्रयत्नात आला. पहिल्यांदा आकडे टाकायला फार वेळ लावला, म्हणून पॅनेलने तो कोड रद्द केला."

मी गाडीत जाऊन बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. का, ते मलाही सांगता येणार नाही.

काकूंचं घर सुटलं ते सुटलंच. मुलीने त्यांना आपल्याकडे नेलं आणि तिथे अलार्म बसवायला मलाच बोलावलं. कोड काढायचं तिने पुन्हा नाव घेतलं नाही.

नवं घर, खोक्यातून काढलेलं कोरं पॅनेल, सकाळचे अकरा. काकू चाकाच्या खुर्चीत खिडकीशी बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे तोंड करून, पॅनेलकडे पाठ करून उभा राहिलो. मुलीने आपला कोड टाकला, मग आईचा, आणि येऊन आईशेजारी उभी राहिली.

"झालं?" मी विचारलं.

"थांब जरा," काकू म्हणाल्या. "घाई कसली आहे तुला?"

माझ्या पाठीमागे एक बटण वाजलं. मग दुसरं.

मुलीने आईचा हात घट्ट धरला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि डोळे भरून आले होते.

"अडली गाडी," काकू हळूच म्हणाल्या.

मी मागे वळलो नाही. कोणी कोड टाकत असताना बघायचं नाही, हा माझा नियम आहे. तिसरा आकडा आठवेपर्यंत आम्ही तिघंही थांबलो.