फाइल पाचशे नव्वदला संपते

“नाव कुठे लिहिलंय ते नको सांगूस, चिमणे. तू आत्ता कुठल्या ओळीवर उभी आहेस, ते सांग आधी.”

वीस वर्षांपूर्वीचा दादाचा आवाज. घरात एकच कॉम्प्युटर आणि एकच खुर्ची. तिच्यावर दोघं अर्धे अर्धे टेकलेले, आणि तो धाकट्या बहिणीला प्रोग्रॅम लिहायला शिकवतोय. पुढे दोघं एकाच कंपनीत लागले. आजाऱ्याला श्वास देणारी यंत्रं बनवणारी कंपनी. यंत्रातला प्रोग्रॅम दादाचा, त्याची डागडुजी हिची.

तो आवाज गेले तीन आठवडे बंद होता. दादा घरी बसून होता, मिटल्या ओठांनी. एका इस्पितळात एकतीस नंबरच्या यंत्राची हवा अडली. अशा वेळी चार सेकंदांत दुसरी झडप उघडायला हवी. ती उघडली चारशे सेकंदांनी. तोवर खाटेवरचा माणूस राहिला नव्हता. सगळे म्हणाले, दादाने दोन शून्यं जास्त लिहिली. दादा हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. उद्या सकाळी चौकशी होती, आणि त्याच्या बाजूने बोलायला हिच्याशिवाय कुणी नव्हतं.

म्हणून ती सकाळीच चाचणीच्या खोलीत येऊन बसली. टेबलावर नमुन्याचं यंत्र एका रबरी पिशवीत श्वास भरत होतं, सोडत होतं. फुस्स. फुस्स. खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं. फाइलमध्ये चारच लिहिलेलं होतं. पण फाइलवर विसंबून भागत नाही. ते चार लिहिलेलं असतं एका नावाने, त्याला मॅक्रो म्हणतात. प्रोग्रॅम तयार होताना नाव गळून पडतं आणि आकडा आत मिसळून जातो. मग नाव शोधणं म्हणजे पिठात दाणा शोधणं. मात्र प्रोग्रॅम सगळ्या खाणाखुणांसकट बांधला, तर डीबगर नावाचं हत्यार त्याला हव्या त्या ओळीवर थोपवून धरतं. तिथे विचारायचं, या ओळीवर कुठली नावं लागू आहेत? ते यादी देतं, आणि प्रत्येक नाव कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीवर लिहिलंय तेही सांगतं.

तिने प्रोग्रॅम झडपेच्या ओळीवर थांबवला आणि विचारलं.

सत्तेचाळीस नावं ओळखीची. खाली दोन परकी. एकतीस नंबरच्या यंत्रासाठी चारशे सेकंद. एकशे आठ नंबरच्या यंत्रासाठी चारशे सेकंद.

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणजे कुणीतरी हे मुद्दाम घुसडलंय. दादा सुटला! कुठे लिहिलंय ते पाहिलं. दादाचीच फाइल, ओळी सहाशे बारा आणि सहाशे तेरा.

तिने फाइल उघडली. फाइल पाचशे नव्वदला संपत होती.

एक ओळ वर जाऊन विचारलं, तर ती नावं नाहीत. एक ओळ खाली, तरी नाहीत. फक्त झडपेच्या ओळीवर. कागदावर छापून घ्यावं म्हणून तिने तिथेच पुन्हा विचारलं. आता परकी नावं तीन होती. बावन्न, ओळ सहाशे चौदा.

जुनं सगळं पुसून प्रोग्रॅम नव्याने बांधला आणि विचारलं. आता परकी चार. सतरा, ओळ सहाशे पंधरा. तिला वाटलं, रबरी पिशवी भरल्यावर जरा जास्तच वेळ भरलेली राहिली. मग सुटली. फुस्स.

तिने चाचणीप्रमुखांना बोलावलं. ते चष्मा कपाळावर चढवून वाकले.

“काय हो, फाइल आहे की कादंबरी? पाचशे नव्वदनंतर कोण लिहितंय?”

“तेच तर विचारतेय, साहेब.”

“पुन्हा विचारा बघू. माझ्यासमोर.”

पाच झाली. साहेब हसायचे थांबले. त्यांनी खिशातून पेन काढलं, पण काही लिहिलं नाही. इस्पितळांना फोन लावत सुटले. एकशे आठ? व्यवस्थित चालू आहे. बावन्न? चालू आहे. “काढून ठेवा, दुसरं लावा,” ते घसा खरवडून सांगत होते. पलीकडून सगळीकडे एकच उत्तर, दुसरं मोकळं यंत्र कुठून आणायचं?

तासाभरात फोन उलटा आला. साहेबांनी ऐकलं आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी जपून खाली ठेवला.

“एकशे आठ थांबलं,” ते म्हणाले. “बाई होती. तुमच्याच वयाची.”

तिने छापलेले कागद उचलले आणि घर गाठलं.

दादा बाल्कनीत, पाय पोटाशी घेऊन बसला होता. शेजारी वहिनी मटार सोलत होती. पुढ्यातल्या त्याच्या चहावर साय धरली होती.

“दादा, तू नव्हेस रे. हे बघ. सहाशे बारापासून सुरू होतंय, आपली फाइल तेवढी नाहीच मुळी! उद्या हेच दाखवू.”

त्याने कागद घेतले. पहिल्यावर नजरही टाकली नाही. शेवटचा वर घेतला आणि परक्या नावांवरून एकेक करत बोट फिरवलं.

तिचा फोन वाजला. साहेब होते.

“बावन्न,” ते म्हणाले, आणि फोन बंद झाला.

क्रम यादीतलाच होता.

“किती वेळा विचारलंस?”

तीन आठवड्यांतला दादाचा पहिला शब्द. वहिनीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“काय?”

“त्या ओळीवर. यादी. किती वेळा?”

“चारदा. का रे?”

त्याने कागदांच्या कडा जुळवल्या. पुन्हा जुळवल्या.

“यंत्रं पाठवायच्या आदल्या दिवशी,” तो हळू म्हणाला, “शेवटची तपासणी म्हणून मीही त्याच ओळीवर थांबलो होतो. सहाशे बारावर एकतीस दिसलं. फाइलमध्ये तर काहीच नव्हतं. वाटलं, डोळे दमलेत. कुणाला सांगणार, आणि काय?”

“दादा, मग आधीच बोलायचंस ना...”

“मी एकदाच विचारलं होतं गं, चिमणे.”