अंडी धुता का?

नारळाच्या सोडणाचा मूठभर काथ्या, पाण्यात भिजवून मऊ केलेला.

थर्माकोलचा खोका. झाकणावर निळ्या अक्षरांत : ‘नमुने. उलटे ठेवू नयेत.’

त्या वर्षी आंब्याला मोहोर फार होता.

ताज्या अंड्याच्या कवचावर डोळ्यांना न दिसणारा एक पातळ थर असतो. तो जंतूंना आत शिरू देत नाही. पाण्याने मात्र तो निघून जातो.

रकाना अकरा : अंडी धुता का? हो / नाही.

या सगळ्याची मिळून एक गोष्ट आहे.

प्रांजली पशुवैद्यक कॉलेजात संशोधन करत होती. श्रीवर्धनच्या आसपासच्या घरगुती कोंबडीपालनांतून दर पंधरवड्याला अंडी न्यायची, कवचावरचे जंतू मोजायचे, काही अंडी तशीच ठेवून किती दिवस टिकतात ते पाहायचं. यादीत अकरा घरं होती. बारावं घर मिळालं ते ती हरिहरेश्वरच्या रस्त्यावर एक थांबा आधी उतरली म्हणून. खोका सावरत ती चालत होती, आणि सुपारीच्या एका वाडीतून कोंबड्यांचा कलकलाट ऐकू आला.

खुराड्यासमोर एक तरुण उकिडवा बसून कोंबडीच्या पायाला हळद लावत होता. हा सम्यक. पनवेलची नोकरी सोडून तो इथे आत्याकडे, इंदूबाईंकडे आला होता आणि त्याने शंभर गावठी कोंबड्या पाळल्या होत्या.

तिने पाहणीचा अर्ज काढला. पक्ष्यांचं वय विचारलं.

“सगळ्या बायका आहेत, मॅडम,” तो म्हणाला. “वय तुम्हीच विचारा. मी विचारलं की चोच मारतात.”

ती हसू दाबत पुढच्या रकान्यांकडे वळली. अंडी धुता का? नाही, तो म्हणाला. आणि मग, धुवायची असतात का? तिने सांगितलं की जे करता तेच लिहायचं, मी काही शिकवायचं नाही असा नियम आहे. त्याने घरट्यातून एक अंडं काढून पुढे केलं. त्याला गवताची काडी चिकटलेली, विष्ठा लागलेली. तिचा चेहरा क्षणभर आक्रसला… त्याने अंडं शर्टाला पुसायला हात मागे नेला. राहू द्या, ती म्हणाली. पण तो कानापर्यंत लाल झाला होता.

पुढच्या खेपेला अंडी केळीच्या पानावर मांडलेली होती. लख्ख. प्रांजलीला वाटलं, माणूस घरटी नीट ठेवतो.

मग ते सुरू झालं, ज्याला काही नाव नव्हतं. इंदूबाई तांदळाची भाकरी वाढायच्या आणि एवढ्याशा अंड्यांसाठी एवढं लांब कोण येतं, असं भिंतीकडे बघून म्हणायच्या. सम्यक तिला थांब्यापर्यंत सोडायला यायचा. एसटी उशिरा यायची आणि दोघंही तिला दोष द्यायचे नाहीत. तो जंतूंची नावं विचारायचा आणि पाहुण्याची चौकशी करावी तशी पुढच्या वेळी त्यांची खुशाली विचारायचा. मार्चअखेरीस ती त्याला अरे-तुरे करू लागली.

“मला मॅडम म्हणू नकोस.”

“मग काय म्हणू?”

“…पुढच्या वेळी सांगते.”

अर्ज राहून जायचा. तो ती परतीच्या एसटीत भरायची, आधीचा समोर ठेवून.

रकाना अकरा : नाही.

रकाना अकरा : नाही.

रकाना अकरा — नाही, नाही, नाही.

प्रयोगशाळेत मात्र आकडे जुळेनात. बारा घरांत सम्यकच्या अंड्यांची कवचं सगळ्यांत स्वच्छ होती. पण ठेवलेल्या अंड्यांत सगळ्यांत आधी तीच नासत होती. बाराव्या दिवशी वास. तिने तीनदा तपासलं. कारण तिला सुचलं नाही असं नाही. सुचलं, आणि तिने ते बाजूला ठेवलं.

मेच्या चार तारखेला तिला नेहमीच्या दुपारच्या एसटीपर्यंत धीर धरवला नाही. ती सकाळच्या एसटीने आली.

सम्यक विहिरीपाशी बसला होता. शेजारी बादली, मांडीवर टॉवेल. एकेक अंडं हातात घेऊन तो काथ्याने घासत होता, हळूच, तान्ह्या मुलाचं डोकं धुवावं तसं. तिला बघून तो लाजून हसला.

हे कधीपासून, तिने विचारलं.

“दुसऱ्या खेपेपासून. पहिल्या दिवशी घाण अंडं बघून तुमचं तोंड वाकडं झालं होतं ना… म्हटलं, तुमच्या हातात पुन्हा तसलं द्यायचं नाही.”

तिच्या पिशवीत तिच्याच अक्षरातले पाच अर्ज होते. ते तिला आठवले. तरी ती म्हणाली, “दोन महिने तुम्ही मला खोटे नमुने दिलेत.”

तुम्ही. त्याने तो शब्द ऐकला. हातातलं अंडं त्याने टॉवेलवर ठेवलं.

“खोटे नाहीत. धुतलेले.” मग थोडं थांबून म्हणाला, “विचारलं असतंस तर सांगितलं असतं.”

असतंस. पहिल्यांदाच.

त्या दिवशी एसटी वेळेवर आली.

बारावं घर अभ्यासातून वगळण्यात आलं. कारणाच्या जागी प्रांजलीने लिहिलं : ‘मालकाने अंडी धुतल्याचे सांगितले नाही.’ त्यातला शब्दन् शब्द खरा होता. सरांनी सही केली.

ती परत गेली ती नोव्हेंबरात, शेतकऱ्यांसाठी छापलेली पुस्तिका घेऊन. ‘अंडी धुवू नका’ हे त्यात पहिल्याच पानावर होतं. खुराडं रिकामं होतं. इंदूबाईंनी सांगितलं, कोंबड्या विकल्या; सम्यक थळच्या बाजूला नोकरीला लागला; माणगावची मुलगी बघितलीय, साखरपुडा झाला.

मग त्या आत गेल्या आणि फळीवरून अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घेऊन आल्या. रिकामा. खळग्यांत सुकलेल्या विष्ठेचे डाग, गवताच्या काड्या. कडेला पेन्सिलीने लिहिलं होतं : ‘१८ मे. धुतलेली नाहीत.’ त्याखाली : ‘१ जून. धुतलेली नाहीत.’

“दोन पंधरवडे तुझ्यासाठी ठेवली व्हती,” इंदूबाई म्हणाल्या. “मला हात लावू देत न्हवता. वास सुटला तवा मीच फेकली.”

प्रांजलीला काही सांगायचं होतं. तिने पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर तिने ट्रे मागितला, आणि इंदूबाईंनी तो दिला.

श्रीवर्धनपर्यंत तो तिच्या मांडीवर होता.

फेब्रुवारीत, त्या पहिल्या दिवशी, त्याने ते अंडं पुढे केलं तेव्हा मोहोरामुळे प्रांजलीला शिंक येत होती.