पाच सेकंदांची खरखर

"पेनड्राइव्ह दे गं टीना! काका गाडीत बसलेसुद्धा!" श्रेया अंगणातून ओरडली.

"थांब की! अजून चार गाणी राहिलीत!" टीनाने लॅपटॉपवरून मान न उचलताच उत्तर दिलं.

गाणी सोमवारच्या ट्रिपसाठी होती. रूपचंदकाकांच्या सात सीटच्या गाडीने माळशेज घाट उतरून थेट अलिबाग! मंचरची टीना मे महिन्याच्या सुट्टीत ओतूरला काकांकडे आली होती ती याच आमिषाने. बारा वर्षांची झाली तरी बिचारीने समुद्र पाहिला नव्हता. शेजारी मावशीकडे राहायला आलेली पिंपळवंडीची स्वराज आणि श्रेया ही भावंडंही बरोबर येणार होती.

काकांनी किल्ली फिरवली. एरवी किल्लीबरोबर पेनड्राइव्हवरचं जैन स्तवन सुरू व्हायचं, आणि तेही असं दणदणीत की अर्ध्या आळीला जाग यावी. आज पेनड्राइव्ह टीनाकडे होता, त्यामुळे तिला प्रथमच गाडीचा स्वतःचा आवाज ऐकू आला.

खर्र्र... कट-कट-कट-कट!

जेमतेम पाच सेकंद. मग आवाज गुडूप!

टीना धावत अंगणात आली. "काका, ते काय वाजलं?"

"सकाळी सगळ्यांचाच घसा खरखरतो, बेटा!" काका हसले आणि मंदिराकडे निघूनही गेले.

स्वराज मात्र हसला नाही. "आमच्या ट्रॅक्टरचा आवाज बदलला व्हता, तवा बाबा म्हनले, पयलं ऑइल बघ."

दुपारी काकांची वामकुक्षी सुरू होताच तिघांनी बॉनेट उघडलं. स्वराजने ऑइल मोजायची पट्टी पुसून पुन्हा आत घातली आणि बाहेर काढली. ऑइल फक्त टोकाला लागलेलं, तेही डांबरासारखं काळंकुट्ट!

"काका ऑइल बदलतात तरी कधी?" श्रेयाने विचारलं.

"दसऱ्याला," टीना म्हणाली. "पूजा, हार, नारळ आणि ऑइल, सगळं एकदमच."

"आन् यंदा गाडी किती पळली?"

टीना बोटं मोजू लागली. काकांच्या मुलाच्या, अंकितदादाच्या लग्नासाठी पुण्याला सात-आठ फेऱ्या, नाशिक, शिवाय दोनदा राजस्थान!

स्वराजने कपाळावर हात मारला. "आमी ट्रॅक्टरचं ऑइल तासाच्या मीटरवर बदलतो राव, सणावर नाय!"

"पण हे मोठ्यांना सांगितलं तर ट्रिप बोंबलली!" श्रेया रडवेली झाली.

टीनाने बॉनेट हळूच लावलं. गप्प बसलं की समुद्र, बोललं की घर! पण भर घाटात गाडीला काही झालं तर? आत काका, काकी, ही श्रेया, सगळे असणार. तिला भीती वाटली, आणि समुद्र न दिसण्याच्या दुःखापेक्षा ती भीती मोठी होती.

"मी सांगणार," ती म्हणाली.

संध्याकाळी काका कुरकुरत तिला घेऊन गॅरेजला गेले. दादाभाऊ मेकॅनिकने बॉनेट उघडलं, गाडी बंद करून पुन्हा सुरू केली. खरखर नाही की कटकट नाही!

"टीनाताई, इंजिन मख्खन चाललंय! नुसतं ऑइल जुनं झालंय. थोडं वरून भरतो, बदलू की ट्रिपवरून आल्यावर!"

दोघे मोठे पोट धरून हसले. टीना रडायच्या बेतात आली होती. पण घरी येता येता तिची ट्यूब पेटली. गाडी गॅरेजला पोहोचेपर्यंत गरम झालेली असते! आवाज येतो तो रात्रभर थंड पडल्यावर. आणि दादाभाऊंचं गॅरेज तर दहाला उघडतं.

"म्हणजे गाडी तिकडे न्यायचीच नाही! दादाभाऊंनाच सकाळी इकडे आणायचं!"

"त्यांना पहाटे कोन उठवनार?" स्वराजने विचारलं.

"कचोरी!" श्रेयाने चुटकी वाजवली.

भंवरीबाईकाकींच्या मूगडाळ कचोरीपुढे ओतुरात कुणाचं काही चालत नसे. सगळा बेत ऐकून काकी पदराआड हसल्या. "कचोऱ्या मी तळते. पेनड्राइव्ह तुम्ही सांभाळा!"

रविवारी सकाळी ओट्यावर बसलेल्या दादाभाऊंनी दुसरी कचोरी उचलली आणि काकांनी किल्ली फिरवली. पेनड्राइव्ह स्वराजच्या खिशात होता.

"अरे, स्तवन का लागत ना..."

खर्र्र! कट-कट-कट-कट!

कचोरी तोंडापाशीच थांबली. "बंद करा! शेठ, किल्ली काढा आधी!" दादाभाऊ चटणीच्या हातानेच धावले. "इंजिनाच्या आतली टायमिंग चेन हाय ही! लई सैल झालीय!"

"पण लगेच थांबतं की ते!" काका म्हणाले.

"रातभर ऑइल खाली उतरतं. सकाळी ते वर चढून दाब येईस्तोवर चेनला ताण नसतो, ती आपटत ऱ्हाती. मग गप! म्हनून काल मला कायबी ऐकू आलं नाय. पर घाटात चेन चाकाचे दात सोडून सरकली असती ना, इंजिन जागच्या जागी बंद! स्टिअरिंग दगडावानी आन् ब्रेक बी जड!"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला.

गाडी सुरू न करता ओढूनच गॅरेजला नेली. दुपारी दादाभाऊंनी कव्हर उघडलं. चेन लोंबत होती आणि तिला धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीचे दोन तुकडे झाले होते! दादाभाऊंनी सगळ्यांदेखत कान पकडले. "पोरीनं काल सांगितलं, आन् मी हसलो. चुकलं माझं!"

"किती दिवस लागतील?" टीनाने हळूच विचारलं.

"तीन तरी."

म्हणजे गेली ट्रिप! टीनाने ओठ घट्ट दाबले.

"तोंडं कसली पाडता?" काका गरजले. "उद्या एसटीने कल्याण, पुढे अलिबाग! गाडी आजारी आहे, आपण नाही!"

तिघांनी ठोकलेली आरोळी स्टँडपर्यंत ऐकू गेली असेल!

सोमवारी एसटीत काकांनी कंडक्टरपासून शेवटच्या सीटपर्यंत सगळ्यांना गोष्ट ऐकवली. "आमच्या टीनाने समुद्रावर पाणी सोडायची तयारी ठेवली, पण खरं बोलली! आणि हे दोघे, स्वराज-श्रेया, हिचे पक्के साथीदार! आम्ही मोठे नुसते हसत होतो!" लोक कौतुकाने वळून बघत होते. टीना लाजून खिडकीबाहेर पाहू लागली.

तेवढ्यात घाट लागला. एका अवघड वळणावर काका बोलता बोलता थांबले. त्यांनी खाली खोल दरीकडे पाहिलं. मग त्यांनी टीनाच्या डोक्यावर हात ठेवला, आणि घाट उतरेपर्यंत तो काढलाच नाही.