काचेतली सवत

प्रवेश मोफत. पिशव्या बाहेर ठेवाव्यात.

ऑपरेशनआधी दवाखान्यात गळ्यातलं सगळं काढून घेतात.

मोरपंखी लुगडं. घडी अजून मोडलेली नाही.

आष्ट्यात चौकात एक फ्लेक्स. ‘मातृभक्त भाऊसो यांचे हार्दिक अभिनंदन.’

हे सगळं खरं घडलंय. गेल्या मार्गशीर्षात, भर दुपारी, सांगलीकडच्या एका विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात. नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्याला खोटं वाटेल, त्यानं आष्ट्याला जाऊन हरणाबाईच्या तोंडावर तसं म्हणून दाखवावं.

हरणाबाई दुसरेपणावर दिलेली. पहिली रंगूबाई, तरणीच गेली. रिवाजाप्रमाणे तिचा टाक, तिची प्रतिमा उठवलेला चांदीचा पत्रा, लग्नातच हरणाबाईच्या गळ्यात पडला. नवं लुगडं असो, बांगडी असो... आधी टाकाला लावायची, मग अंगाला. हरणाबाईनं जन्मभर पाळलं.

दवाखान्यातून घरी आली, तर गळा मोकळा.

रंगूबाईच्या सख्ख्या लेकानं, भाऊसोनं, दवाखान्यात काढलेला टाक संग्रहालयाला देऊन टाकला होता. बदल्यात शाल, श्रीफळ, फोटो.

आता नातीचं लग्न तोंडावर आलेलं. टाकाला न लावता लुगडं नेसायचं कसं?

“चल. मला तिच्याम्होरं न्हे,” हरणाबाई म्हणाली. भाऊसोला जावंच लागलं.

दालनात चित्रं, पितळी मूर्ती... आणि मधोमध, चारी बाजूंनी काच असलेल्या पेटीत, रंगूबाई.

“बघ आये, कसा चकाकतोय! तुज्या गळ्यात काळा पडला हुता. आन् बघायला फुकट. कवाबी ये.”

“फुकट? तुजी आय हाय ती, मुडद्या!”

पहारेकरी जोतिबा धावत आला. “आवं आजी, हळू. काचेला हात लावू नका.”

तिनं ऐकलं नाही. लुगडं काचेला टेकवलं.

“बाई, काचेवरनंच घे गं. रागावू नगं.”

पंखा थांबला.

दालनातला प्रत्येक आवाज थांबला.

मग... टक्.

आतून. चांदी काचेवर वाजावी तसं.

काच धुरकटली. तीही आतून. हरणाबाईनं लुगडं मागं घेतलं... पदर ओला होता.

“एसीचं पाणी आसंल,” भाऊसो हसत पुढं आला.

टाकानं त्याच्याकडं पाठ केली.

कुणी हात लावला नव्हता. पेटीला कुलूप होतं. जोतिबानं ते दोनदा ओढून बघितलं.

भाऊसो पेटीच्या मागच्या बाजूला गेला.

टक्...

पुन्हा पाठ.

डावीकडं गेला. पाठ. उजवीकडं. पाठ. त्याचं हसू केव्हाच गेलं होतं. तो काचेवर मुठी आपटायला लागला. “आये! माज्याकडं बघ की!”

कुठल्या आयेला म्हणाला, कोण जाणे.

“बघंल का ती?” हरणाबाईनं लुगडं काखेत मारलं. “आता फ्लेक्सवरच बघंल तुला! चल घरी, मातृभक्ता!”

लग्नात ती मोरपंखी लुगडं नेसली. पदर तेव्हाही ओलाच होता. मार्गशीर्षापासून उन्हात घातलेला.

टाक परत मिळावा म्हणून भाऊसोनं अर्ज केला. नाही म्हणाले. आता तो दर आठवड्याला तिथं जातो. प्रवेश मोफतच आहे. पेटीभोवती फिरत राहतो. जोतिबा त्या वेळी दालनात थांबत नाही. बाहेर फक्त आवाज ऐकू येतो, म्हणतो.

टक्... टक्...

भाऊसो नुकता चालायला लागला होता, तेव्हा विहिरीत पडला. रंगूबाईला पोहता येत नव्हतं.