हवालातीची कडी

"कैदी आत आहे का?" असं ओरडून आयुबनं बाहेरून कडी घातली आणि पोरांची टोळी खिदळत पांगली. गिरिजा दाराकडे धावली, पण उशीर झाला होता. वडील नोकरीवर, आई सिद्धम्मा बाजारात. आता आई येईपर्यंत कोंडून घेणं आलं.

धाराशिवच्या या जुन्या दगडी कचेरीत आता बिऱ्हाडं राहत होती. निजामाचं राज्य गेलं, कचेरी दुसरीकडे हलली आणि सहकारी गृहनिर्माण संस्थेनं इथल्या खोल्या सभासदांना वाटून दिल्या. नावं मात्र जुनीच राहिली. आयुब आणि त्याची बहीण गुलबानो खजिन्यात राहायचे. संस्थेचे चेअरमन आण्णासाहेब साहेबाच्या खोलीत. मुरुमहून सगळ्यांत शेवटी आलेल्या गिरिजाच्या घराला मिळाली हवालात! गजांची खिडकी, जाडजूड दार आणि कडी फक्त बाहेरून. कैद्याला आतून कडी हवी कशाला? पोरांच्या हाती आयतंच कोलीत मिळालं. त्यात गिरिजाच्या बोलण्याला कानडी हेल. सुट्टी लागल्यापासून तिच्याशी धड कुणी बोललं नव्हतं. तिला फार एकटं वाटायचं.

त्यातच हौदाचं प्रकरण उपटलं. उन्हाळ्यानं आड आटत चाललेला. सकाळी पाणी शेंदून वापरायचा हौद काठोकाठ भरावा, तर संध्याकाळी तो अर्ध्यावर. हौद होता हवालातीच्या भिंतीला लागून, म्हणून सगळ्यांची बोटं तिकडंच वळली.

"आज सभेत निकाल लावू," आण्णासाहेब म्हणाले होते. "पाणी चोरणाऱ्याला इथं जागा नाही."

सिद्धम्मानं सकाळपासून मुकाट्यानं गाठोडी बांधायला घेतली होती. खरं तर गिरिजाला मुरुमला परत जायचंच होतं. तिथं मैत्रिणी होत्या. पण चोर म्हणून जायचं? तिला रडू फुटलं. गार भिंतीला गाल लावून ती रडत बसली, आणि एकदम थांबली. भिंतीत खळखळ चालली होती. एकट्या माणसाला घराचे सगळे आवाज पाठ होतात. हाही रोजचाच, पण हा पाण्याचा आहे हे तिच्या आज ध्यानात आलं.

ती खिडकीशी धावली. आयुब आणि गुलबानो अंगणातच होते. "आयुब, इकडं ये की. भिंतीतनं पाणी जातंय."

"ऐका, कैद्याशी भिंती बोलायला लागल्या," आयुब हसला.

गुलबानो मात्र हसली नाही. कडी काढून ती आत आली. या घरात पाऊल टाकणारी ती पहिलीच मुलगी. तिनं भिंतीला कान लावला.

"व्हय रे आयुब, खरंच हाय. ये, तू बी ऐक."

आयुबनंही ऐकलं आणि त्याचं हसू मावळलं. "पण जातंय कुठं?"

"पाण्याला रंग दिला तर?" गिरिजा म्हणाली. "मुरुमला रंगपंचमीला आमी ओढ्यात रंग टाकतो. लई लांबपर्यंत दिसतो."

"अम्मीची नीळ आणते," गुलबानो म्हणाली. "मार पडंल, पण चोर घावंल."

मोठी माणसं दुपारची घोरत पडली होती. तिघांनी अख्खी पुडी हौदात कालवली आणि इमारतीभोवती धाव घेतली. रस्त्याकडचं गटार कोरडं. मागची मोरी कोरडी. राहिल्या आण्णासाहेबांच्या केळी. 'माझा हात लागला की मातीचं सोनं होतं,' असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. गिरिजानं पानं बाजूला सारली. भिंतीच्या पायाशी एक गोल भोक होतं आणि त्यातून निळंशार पाणी केळींच्या आळ्यात पडत होतं.

संध्याकाळी सभेला आण्णासाहेब ओलं धोतर हातात घेऊनच आले. "हे निळं कुणी केलं?"

"आमी," गिरिजा उठून म्हणाली. "पण आण्णासाहेब, तुमची केळी बी निळ्या पाण्यात हायत. चोर तिथंच हाय."

सगळी सभा केळींपाशी गेली. आयुबचे आजोबा दादामियाँ वाकून बघू लागले. "हा तर जुना नळ. कचेरीच्या बागंला यातनंच पाणी यायचं. याला गोल दगडाचं बूच होतं. कुठं गेलं?"

आण्णासाहेबांची नजर आपल्या धुण्याच्या दगडाकडे गेली. चांगला गोल होता.

"केळी लावताना मध्ये येत होता," ते पुटपुटले. मग सरळ सिद्धम्मापुढे जाऊन उभे राहिले. "बाई, गाठोडी सोडा. चोर मीच निघालो."

"शाबास बेटी," दादामियाँ गिरिजाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. "मोठ्यांना डोळे असून दिसलं नाही."

"काय बक्षीस हवं ते माग," आण्णासाहेब म्हणाले.

गिरिजा जरा घुटमळली. "आमच्या दाराची बाहेरची कडी काढा. आतनं लावून द्या."

आयुब खाली मान घालून गेला, घरातून पक्कड घेऊन आला आणि त्यानं स्वतःच्या हातानं ती कडी उपसून काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर टकटक झाली. गिरिजा धावली आणि आतल्या कडीवर हात ठेवून थांबली.

"कोण हाय?" आवाज कुणाचा हे तिला ठाऊक होतं. पण धाराशिवला आल्यापासून हे विचारायची वेळच तिच्यावर आली नव्हती.

"आमी हाय गं," बाहेरून आयुब म्हणाला. "खेळायला येतीस?"

गिरिजानं कडी काढली.